धायटीच्या बियांसाठी हरसूलपर्यंत

आमच्या मळ्यापासून हरसूल म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. दिंडोरी तालुक्यातून सकाळी चहा घेऊन निघालं की जेवायच्या वेळेपर्यंत माणूस पोचतो. तरी वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत मी तिकडे गेलो नव्हतो. तिकडची माणसं मात्र दर वर्षी आमच्याकडे येतात. द्राक्षाची छाटणी, कोंब फुटावेत म्हणून काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणं, घडांची विरळणी, सगळं त्यांच्याच हातून होतं. त्यांची टोळी दोन दिवस उशिरा आली तर आम्ही बागाईतदार मंडळी फोनवर फोन करून जीव खातो. त्यांचं गाव कुठल्या दिशेला आहे, हे मात्र विचारलं तर सांगता येत नाही.

मी गेलो तो एका झुडपापायी. झुडपाचं नाव धायटी.

आमच्या टोळीची मुकादम होती यमुनाबाई. एकोणीस वर्षं ती छाटणीला आली. पहिल्या वर्षी आली तेव्हा दिवस भरायला अजून दीड महिना आहे असं म्हणत होती, आणि ऐन छाटणीत तिसऱ्याच दिवशी बांधावरच्या झोपडीत बाळंत झाली. मुलगी झाली, मनीषा. तिची नाळ यमुनाबाईच्या सासूने तिथेच बांधात पुरली. पुढच्या वर्षी येताना यमुनाबाईने डोंगरातून वीतभर धायटीचं रोप आणलं आणि खूण राहावी म्हणून नेमकं त्या जागी लावलं. कुणी पाणी घातलं नाही, कुणी खत घातलं नाही. तरी ते माणसापेक्षा उंच झालं. थंडी सरली की त्याच्या वाकलेल्या फांद्यांवर पानापेक्षा फूल जास्त. बारीक नळीसारखी लालभडक फुलं, फांदीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत. पोरं ती तोडून मागच्या बाजूने चोखायची, मध लागतो म्हणून.

दोन वर्षांपूर्वी यमुनाबाईचे गुडघे गेले आणि तिने येणं सोडलं. टोळी तिचा दीर रामदास आणू लागला. त्याच पावसाळ्याआधी मी ट्रॅक्टरचा रस्ता रुंद करायला जेसीबी बोलावला. ऑपरेटरने विचारलं, "शेठ, हे झुडूप?" मी मोबाइलवर बोलत होतो. नुसता हात हलवला. काढ म्हटलं.

संध्याकाळी सुमन, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, बांधावर गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "अहो, ती मनीषाची धायटी होती ना?"

मग मी भरपाई करायला लागलो, ती माझ्या पद्धतीने. पावसाळ्यात रस्त्याकडेची एक धायटी गड्याकरवी उपटून आणून लावली. ती आठ दिवसांत वाळली. मग फांद्यांची कलमं केली, मुळं फुटायची पावडर लावली, शेडनेटमध्ये ठेवली. ती कुजली. शेवटी एका रोपवाटिकेतून रोप आणलं आणि त्याचे असे लाड केले की पोटच्या पोराचे केले नसतील. खड्डा तीन फुटी, दोन पाट्या कुजलेलं शेणखत, ठिबकची वेगळी लाइन, दर आठवड्याला विद्राव्य खत, वर बुरशीनाशकाची फवारणी. पानं तळहाताएवढी झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकाने दाखवत होतो. एका सकाळी पाहिलं तर सगळं झाड माना टाकून उभं. उपटलं तर मुळं काळी, चिखलासारखी. अति तिथे माती म्हणतात, ते मी हाताने करून पाहिलं.

आणि यंदा चैत्रात रामदासने सांगितलं, "वहिनीच्या मनीषाचं लगीन ठरलं, आण्णा. वैशाखात. डहाळी न्यायला वहिनी येनार हाय तुमच्याकडं."

त्यांच्या घरची रीत अशी की ज्याची नाळ जिथे पुरली, तिथल्या झाडाची डहाळी त्याच्या लग्नाच्या मांडवाला बांधायची. आता ते झाडच जागेवर नव्हतं. रामदासला ते दिसलं होतं, पण वहिनीला सांगायची त्याची हिंमत झाली नव्हती.

वाघेरा घाट

खरं सांगायचं तर मी काही कबुली द्यायला निघालो नव्हतो. गाडीत कुदळ, फावडं आणि ओल्या गोणपाटाची चळत होती. घाटात धायटी मुबलक आहे असं ऐकलं होतं. एक चांगलं मोठं झुडूप मातीसकट काढायचं, मळ्यावर नेऊन त्याच जागी लावायचं, आठ-दहा दिवस हिरवं राहिलं तरी पुष्कळ, असा बेत. सुमनला मी हे सांगितलं नव्हतं. यमुनाबाईला भेटून येतो एवढंच म्हणालो होतो, आणि तिच्याकडून यमुनाबाईसाठी दोन किलो बेदाणे आणि एक साडी घेतली होती.

गिरणाऱ्याच्या टोमॅटोची शेतं मागे पडली की मळे विरळ होत जातात आणि डोंगर जवळ यायला लागतात. वाघेरा घाटात शिरलो तेव्हा दहा वाजले असतील. मे महिना, गवत वाळून पिवळं झालेलं, झाडांखाली पाचोळा. आणि त्या सगळ्या करड्या रंगात मुरमाड उतारावर जागोजागी धायटी. फुलोरा सरत आला होता, तरी विटकरी लाली उरली होती. जिथे मातीच नाही, नुसता दगड आणि भुगा, तिथे ती मजेत होती. माझ्या तीन फुटी खड्ड्याची मला तिथेच लाज वाटली.

वळणावर गाडी लावून मी एक झुडूप निवडलं. पहिला घाव घातला तो खणकन परत आला. दुसऱ्याला ठिणगी उडाली. अर्धा तास खपून हातभर चर पडला, आणि तेवढ्यात कुदळीचा दांडा मोडला. तोल जाऊन मी झुडपातच बसलो. फुलांवर मधमाश्या होत्या हे तेव्हा कळलं. कानामागे एक आणि मनगटावर एक, अशी दोन ठिकाणी पावती मिळाली. कान हा हा म्हणता भज्यासारखा फुगला.

मूळ मात्र अजून कुठे खाली चाललं होतं, त्याचा पत्ता नव्हता.

हरसूलचा बाजार

हरसूलला बाजाराचा दिवस होता. मोडक्या दांड्यासाठी सुताराकडे जायचं म्हणून मी बाजारात शिरलो आणि तासभर तिथेच रमलो. आमच्याकडच्या बाजारात माल ओरडून विकतात. इथे बाया समोर पानावर ढीग मांडून शांत बसलेल्या. करवंदं, वाळलेली मोहाची फुलं, नागली, खुरासणी, सुकट. भाव विचारला तर सांगतात, नाही घेतलंत तरी तोंड वाकडं करत नाहीत.

एका म्हाताऱ्यापुढे पोत्यात वाळलेली लालसर फुलं दिसली. हात घातला तर धायटी.

"हे कोण घेतं, बाबा?"

"येपारी नेत्यात. काढ्यात घालत्यात, आंबवाया." त्याने माझ्या कानाकडे पाहिलं. "माशी चावली?"

"चावली. मला धायटीचं झाड पाहिजे होतं. मोठं. मिळेल का इथे?"

म्हातारा हसायला लागला. शेजारच्या बाईलाही त्याने ते ऐकवलं. मग मला म्हणाला, "झाड कोन इकतं? आन् मोठी धायटी हलवली की मरती. तिचं मूळ दगडात जातं. अर्धं तोडून नेलं तर ती कशाला जगंल? तुमी दाखवाया नेता का जगवाया?"

हा प्रश्न त्याने सहज केला होता. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं याला सगळं ठाऊक आहे. मी काहीतरी पुटपुटलो आणि तिथून निघालो. दांडा बसवून घेतलाच नाही. कुदळ तशीच मोडकी गाडीत टाकली आणि यमुनाबाईच्या पाड्याचा रस्ता विचारला.

पाड्यावर

पाडा हरसूलच्या पुढे सात-आठ किलोमीटर. शेवटचा तुकडा इतका खराब की गाडी आंब्याखाली ठेवून चालत जावं लागलं. पंधरा-वीस घरं, कुडाच्या भिंती, कौलं, अंगणं शेणाने सारवलेली. कुठे कागदाचा कपटा नाही. आमच्याकडे द्राक्षाच्या मळ्यात औषधाच्या बाटल्या आणि प्लॅस्टिक पायाखाली येतं, म्हणून हे लगेच नजरेत भरलं.

यमुनाबाईने मला लांबूनच ओळखलं. गुडघ्यावर हात ठेवत उठली. "आण्णा? आन् आमच्या घरी?" तिला इतका आनंद झाला की मी नजर चुकवून बेदाणे आणि साडी पुढे केली. नवऱ्याला, काशिनाथला, तिने हाक मारली, पाणी आणलं, आणि माझा कान पाहून चुना लावला.

कशाला आलात, हे मात्र कुणी विचारलं नाही. आमच्याकडे पाहुणा चप्पल काढत असतानाच "काय काम काढलं?" विचारतात. इथे जेवण होईपर्यंत तो विषय काढायचा नसतो असं दिसलं. मला थेट आत चुलीजवळ बसवलं. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं म्हणजे भाजलेल्या उडदाची दाट आमटी, खुरासणीची चटणी, आणि फोडणीची कैरी. भाकरी काळसर, पण तव्यावरून थेट पानात येत होती. मी तीन खाल्ल्या. भुजं नुसत्या लसणा-मिरचीचं, आणि इतकं चवदार की पुन्हा वाढून घेतलं.

जेवता जेवता माझं लक्ष घराकडे गेलं. समोर कणगी, वर दोरीवर वाळत घातलेले कपडे, भिंतीला मनीषाच्या नर्सिंगच्या कॉलेजातला फोटो. त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू मला दिसत होती. आणि ही बाई एकोणीस वर्षं आमच्या मळ्यावर आली, तिने आमच्या घराचा आतला भाग पाहिलेला नाही. चहा शेडच्या ओट्यावर, पगार शेडच्या ओट्यावर, दिवाळीचा फराळही तिथेच. कुणी मनाई केली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं. 

जेवण झाल्यावर यमुनाबाई मला तिची रोपवाटिका दाखवायला घेऊन गेली. गुडघ्यामुळे छाटणी सुटली तसं तिने बचत गटाच्या बायांबरोबर हे काम धरलं होतं. गेल्या पावसाळ्यात झऱ्यावरचा उतार खचला, तेव्हापासून त्या तिथे धायटी लावतायत, माती धरून ठेवते म्हणून. काळ्या पिशव्यांत शे-दोनशे रोपं ओळीने उभी होती, बोटभर उंचीची. मी वाकून पाहत राहिलो.

"यमुनाबाई, हे तुम्ही बियांपासून केलं?"

"मंग कशापासून?"

मी तिला कलमांचं सांगितलं, पावडरीचं सांगितलं, शेणखताचं सांगितलं. हे सगळं कशासाठी केलं ते सांगितलं नाही. ती पोट धरून हसली. "अवो आण्णा, डोंगराच्या झाडाला तुमी बागाईतदार केलं! त्येला उपाशी ठेवाया लागतं. नायतर त्ये आळशी होतं, मूळ खाली धाडतच नाय. वरच्यावर खायाला मिळतंय, कशाला जाईल खाली?" मग डोळे पुसत म्हणाली, "आपल्या बांधावरची बघा. कुनी एक तांब्या ओतला नाय. सोमवारी मनीला घेऊन येते डहाळीला. कशी हाय आता? डवरली आसंल!"

आता बोलणं भागच होतं. मनात मी तोवर बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"यमुनाबाई, ती धायटी नाही. मी काढली. रस्त्यासाठी. दोन वर्षं झाली."

ती हसतच होती. हसू उतरायला वेळ लागला. मग हातातली रोपाची पिशवी तिने खाली ठेवली.

"काढली म्हंजे?"

"जेसीबीने."

"तुमाला म्हाईत हुतं ना तिथं काय हाय?"

"माहीत होतं. त्या वेळी लक्षात आलं नाही."

"एकोनीस वर्सं म्या त्या बांधाला कोयता लावू दिला नाय कुनाला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सरपनाला फांदी तोडली म्हनून दिराला चार मान्सांत बोलले. माझा नंबर तुमच्या फोनात हाय. मजूर पायजे तवा लागतो. एक फोन नव्हता का करायचा?"

 मी मान खाली घातली. लाज वाटली, अगदी शाळेत मार खाताना वाटायची तशी. यमुनाबाई वळली आणि लंगडत घराकडे निघून गेली.

मला त्याच पावली परत फिरावंसं वाटत होतं. काशिनाथ मागून आला. कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "आता जाऊ नका. गेला तर ती कायमची गप्प बसंल. थांबा." मी थांबलो. रात्रीचं जेवण तिने वाढलं, भाकरी गरमच होती, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नाशिकहून संध्याकाळच्या गाडीने मनीषा आली होती. आईने तिला सांगितलं असावं. तिने मला पाण्याचा तांब्या दिला आणि पाहत राहिली. ओटीवर मला बाज टाकून दिली. झोप नीट लागली नाही, हे सांगायला नकोच.

झऱ्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी

उजाडताना यमुनाबाई बाजेपाशी येऊन उभी राहिली. "चला," एवढंच म्हणाली. ती, मनीषा आणि मी, तिघं झऱ्याकडे चढायला लागलो. माझी धाप ऐकून ती दोनदा थांबली.

झऱ्याच्या वर एक जुनी धायटी आहे. बुंधा मांडीएवढा, साल तांबूस, सोलपटं सुटलेली. पाड्यात कुणी तिची फुलं व्यापाऱ्यासाठी खुडत नाही. सगळी खुडली तर बी कुठून मिळणार, असं त्यांचं साधं गणित. फुलं बहुतेक झडली होती, त्यांच्या जागी छोटी तपकिरी बोंडं धरली होती.

"हिच्या खालून त्ये रोप नेलं हुतं म्या तुमच्याकडं," यमुनाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "बांधाची माती कुठं टाकली?"

"माती?"

"जेसीबीनं उकरली ती. झाड गेलं त्ये गेलं. माती कुठं गेली?"

मी आठवायला लागलो. रस्त्याची माती दोन ट्रॉल्या निघाली होती. एक ट्रॉली विहिरीच्या कडेला. ती पलीकडच्या टोकाची. आणि बांधाची? बांधाची चांगली काळी-तांबडी माती होती. त्या वर्षी आमच्या नव्या घराचं अंगण भरायचं काम चाललं होतं.

"आमच्या अंगणात," मी म्हणालो. "घरापुढे. पायरीच्या उजव्या बाजूला. तिथे मी लॉन लावलं आहे."

यमुनाबाई बराच वेळ बोंडं चाचपत राहिली.  पुन्हा बोलली तेव्हा मुकादमीचा तिचा जुना आवाज होता, ज्या आवाजात ती चाळीस माणसांना ओळी वाटून द्यायची.

"मंग ऐका. मांडवाला डहाळी हिची बांधू. तिकडची हिचंच लेकरू हुतं. पन मुहूर्तमेढीच्या खड्ड्यात मूठभर माती तुमच्या अंगनातली पायजे. ती तुमी सोता आनायची, रामदासच्या हाती धाडायची नाय. आन् ते गवत उपटायचं. तिथं धायटी लावायची. पोरीची नाळ तुमच्या दारात हाय आता."

"रोप देता का? खालच्यातलं एखादं?"

"रोप नाय द्यायची. रोप दिलं तर खाऊ घालून माराल. बी देते. बीपासून वाढवाल तर कळंल तिला काय लागतं."

तिथेच बसून तिने मला शिकवलं. कुणाला धायटी लावायची असेल तर लागलेली ठेच माझी घ्या आणि कृती तिची घ्या. बोंडं तपकिरी झाली, पण उकलली नाहीत, अशी खुडायची. सावलीत कागदावर दोन-तीन दिवस वाळवून हाताने चोळायची आणि फडक्यातून गाळायची. बी इतकं बारीक की तपकिरीची चिमूट वाटावी. आधीच वाळवून ठेवलेलं थोडं बी तिने कनवटीच्या पुडीतून माझ्या तळहातावर दिलं, मी ते जोरात श्वास सोडून निम्मं उडवलं, तेव्हा पहिल्यांदा मनीषा हसली. पसरट परडीत निम्मी वाळू आणि निम्मी बारीक माती घ्यायची, भिजवायची, बी कोरड्या राखेत मिसळून वर भुरभुरायचं. वर माती ओढायची नाही. इथे माझ्यासारखे लोक चुकतात. पेरलं म्हणजे झाकायचं हे हातात बसलेलं असतं, आणि हे बी झाकलं की उजेड मिळत नाही, उगवत नाही. पाणी वरून ओतायचं नाही, परडी पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून ओल चढू द्यायची. वर वाळक्या गवताची विरळ सावली करायची.

उगवल्यावर दोन बोटं उंची झाली की पिशवीत. दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीत, तेही उन्हात, उतारावर नाहीतर उंचवट्यावर, जिथे पाणी थांबत नाही अशा जागी. खड्ड्यात मुरूम. खत नाही. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी, मग तेही बंद. तिसऱ्या वर्षी फुलते. फुलं झाली की फांद्या छाटल्या तरी चालतात, उलट जोमाने फुटते.

"छाटनी तुमाला येतीच," यमुनाबाई म्हणाली. रागावलेली होतीच, पण माझ्याशी बोलत होती. मला तेवढ्याने भरून आलं, आणि ते लपवायचा प्रयत्न मी केला नाही.

घरी येऊन सुमनला सगळं सांगितलं, मोडक्या कुदळीसकट. ती माझ्याशी एक दिवस बोलली नाही. मग आम्ही दोघांनी मिळून लॉन उपटलं. लग्नाला माती आम्ही दोघांनीच नेली, आणि मेढीच्या खड्ड्यात ती सुमनने टाकली. परडीत सतराव्या दिवशी हिरवी लव दिसली. मी चष्मा लावून मोजायला बसलो तर सुमन म्हणाली, जरा लांब बसा, श्वासाने उडतील.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळी निघतानाचं. काशिनाथने बियांची पुडी माझ्या खिशात नीट कोंबली. यमुनाबाई दारात उभी राहिली, बेदाणे आणि साडी तिने ठेवून घेतली होती. मनीषा मला गाडीपर्यंत सोडायला आली.  मी दार उघडलं तेव्हा म्हणाली, "काका, ती फुलायला तीन वर्षं लागतील."

"लागतील."

"फुलली की मी बघायला येईन. पण आता ती बांधावर नाही, तुमच्या दारात असणार. मग मला आत यावं लागेल. येऊ ना?"

शहरात शिकलेली पोर, सरळ डोळ्याला डोळा देऊन विचारत होती. मला वाटलं, जरा थट्टा करून हा प्रसंग हलका करावा. म्हणालो, "अगं, तुझी नाळ आहे तिथे. माहेरी यायला कुणी विचारतं का?"

ती हसली नाही.

"तुम्ही कधी या म्हणाला नव्हतात," ती म्हणाली, "म्हणून विचारलं."